दिवा हिरवा, तरी कॅमेरा दिसत नाही

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला एखादा मध्यम कारखाना घ्या. वर ऑफिसात हिशेबाचे कॉम्प्युटर, खाली शॉप फ्लोअरवर सीएनसी मशीन, गेटपासून गोदामापर्यंत कॅमेरे. सगळ्यांच्या तारा शेवटी दोन-तीन नेटवर्क स्विचांतच, म्हणजे यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या खोक्यांतच, येतात. कॅमेऱ्यांची गर्दी हिशेबाच्या वाटेत येऊ नये आणि कुणी कुणाच्या फायलीत डोकावू नये, म्हणून स्विचवरचे पोर्ट, म्हणजे तार खोचायच्या जागा, व्हीलॅनमध्ये (स्विचच्या आत आखलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) वाटून दिलेले असतात: हे व्हीलॅन १०चे, हे २०चे, हे ३०चे. खोकं एकच, आत जाळी वेगवेगळी.

मग एके दिवशी गोदामातले कॅमेरे रेकॉर्डरला दिसेनासे होतात. पोर्टवरचा दिवा मात्र हिरवाच. हा दिवा फक्त तार जोडलेली आहे एवढंच सांगतो. पोर्ट कोणत्या व्हीलॅनचा, हे त्याच्या गावीही नसतं. तरी केबल बदलली जाते आणि स्विच बंद-चालू केला जातो. हा दुसरा उपाय तर अंगाशी येऊ शकतो, कारण बऱ्याच स्विचांत सेव्ह न केलेल्या सेटिंग वीज गेली की पुसल्या जातात.

आधी विचारायचं ते हे: न बोलणारी दोन यंत्रं एकाच व्हीलॅनमध्ये आहेत की वेगवेगळ्या?

वेगवेगळ्या असतील, तर नुसत्या स्विचने त्यांना दूर ठेवणं हा बिघाड नव्हेच, ते त्याचं काम आहे. ‘हा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कुणाचा?’ अशी हाक एखादं यंत्र देतं, तेव्हा स्विच ती त्याच व्हीलॅनच्या पोर्टांवर पोहोचवतो, पलीकडे नाही. पलीकडे जायला राउटर किंवा राउटिंग करणारा लेअर-थ्री स्विच लागतो आणि प्रत्येक यंत्रात आपल्या व्हीलॅनचा गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, भरलेला असावा लागतो. म्हणून आधी स्वतःच्या गेटवेला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ असा निरोप धाडा, मग पलीकडच्या गेटवेला, मग त्या यंत्राला. दोन्ही गेटवे उत्तर देतात आणि कॅमेरा गप्प, असं झालं तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जा. तिथे गेटवेची जागा अनेकदा रिकामी सापडते. निरोप पोहोचतो, पण उत्तर परतायला वाट नसते. समोर विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर त्याची फायरवॉलही तपासा. ती दुसऱ्या सबनेटवरून (पत्त्यांच्या दुसऱ्या गटातून) आलेलं पिंग गिळून टाकू शकते.

दोन्ही यंत्रं एकाच व्हीलॅनमध्ये, पण दोन वेगळ्या स्विचांवर असतील, तर खरी शोधाशोध मधल्या ट्रंकवर, म्हणजे दोन स्विच जोडणाऱ्या सामायिक तारेवर. एकाच तारेतून अनेक व्हीलॅनची फ्रेम (डेटाचं एकेक पाकीट) जाते, तेव्हा ती कुणाची हे कळावं म्हणून तिच्यात ४ बाइटचा टॅग घुसवतात; नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सुटणाऱ्या एसटीला पाटी असते तसा. १९९८ साली आलेल्या आयईईई ८०२.१क्यू या मानकाने हा टॅग ठरवला. त्यात व्हीलॅनच्या क्रमांकाला १२ बिट मिळतात, म्हणजे ४०९६ आकडे. ० आणि ४०९५ राखीव, उरतात ४०९४.

टॅग ठीक असला तरी त्या क्रमांकाला ट्रंकवर परवानगी हवी, आणि पलीकडच्या स्विचवर ते व्हीलॅन तयार केलेलंही हवं. सिस्कोच्या स्विचवर इथे एक जुना सापळा आहे. परवानगीच्या यादीत नवं व्हीलॅन वाढवताना ‘ॲड’ हा शब्द राहिला, तर आधीची सगळी यादी जाऊन तेवढं एकच व्हीलॅन उरतं. ४० सुरू करायला गेलात आणि १०, २०, ३० बंद पडले! बरं, हिशेबवाले ओरडत येतात तेव्हा ट्रंकचा दिवा हिरवाच असतो.

नेटिव्ह व्हीलॅनचा घोळ याहून फसवा. टॅग नसलेली फ्रेम ट्रंकवर आली की स्विच ती नेटिव्ह व्हीलॅनची मानतो. एका टोकाला नेटिव्ह १ आणि दुसऱ्या टोकाला ९९ असेल, तर १ची फ्रेम ९९मध्ये जाऊन पडू शकते.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा स्विचची मॅक टेबल उघडावी. कॅमेऱ्याचा मॅक पत्ता (त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) कोणत्या पोर्टवर आणि कोणत्या व्हीलॅनमध्ये आला, हे तिथे लिहिलेलं असतं. कॅमेरा चालू असताना तो गोदामातल्या स्विचवर ३०मध्ये दिसतो आणि ऑफिसातल्या स्विचवर दिसतच नाही, असं असेल तर चूक या दोघांमधल्या ट्रंकवर आहे, किंवा ऑफिसातल्या स्विचवर ३० तयारच केलेलं नाही. गोदामातच तो २०मध्ये दिसत असेल, तर तो पोर्टच चुकीच्या व्हीलॅनला लावलाय.