खड्ड्यात शिजवलेले डुकराचे मांस

जमिनीत खड्डा खणायचा, त्यात लाकूड जाळून दगड तापवायचे, पानांत गुंडाळलेले मांस त्या दगडांवर ठेवून वर माती लोटायची आणि तासन्‌तास हात लावायचा नाही, अशी ही पाकपद्धती. बोलताना ‘खड्ड्यात भाजलेलं डुक्कर’ म्हणतात. प्रत्यक्षात भाजणे थोडे आणि वाफेवर शिजणे जास्त. आच एकदाच दिली जाते. पुढे दगडांनी साठवलेली धग आणि पानांचा, मांसाचा ओलावा एवढ्यावरच सगळे भागते. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात डुक्कर असे शिजवण्याची परंपरा नाही. पण या पद्धतीची सख्खी बहीण शोभेल अशी पोपटी, म्हणजे मडक्यात कोंडून शिजवलेल्या शेंगा आणि कोंबडी, इथलीच, आणि डुकराचे मांस जीव लावून रांधणारा समाजही इथलाच.

पद्धतीचा खरा कस रानडुकराच्या मांसावर लागतो. पाळीव डुक्कर चरबीने मऊ असते. रानडुक्कर आयुष्यभर धावते आणि जमीन उकरते. त्याचे मांस गडद, चरबीला कमी, जाड तंतूंचे. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर दुसऱ्या नराच्या सुळ्यांपासून वाचवणारे चिवट, जाड आवरण असते. त्याच्या मांसाला एक उग्र वासही येतो आणि तो मुख्यतः चरबीत असतो. असे मांस भडक आचेवर टाकले की वादीसारखे होते. सावकाश, ओलसर उष्णतेत मात्र स्नायूंना बांधणारे कोलॅजन साधारण ७० अंश सेल्सिअसपासून पुढे हळूहळू विरघळते, त्याचे जिलेटिन होते आणि मांस हाड सोडते. बोटांनी तुटावे इतके मऊ हवे असेल, तर आतले तापमान ९० ते ९५ अंशांवर जावे लागते. पूर्ण शिजवण्याचा आग्रह चवीपुरता नाही. रानडुकराच्या मांसात ट्रायकिनेला या गोलकृमीच्या, तर डुकराच्या मांसात फीतकृमीच्या अळ्या असू शकतात. अर्धेकच्चे डुक्कर कुणीही खाऊ नये.

भारतात आज रानडुक्कर चुलीवर चढवणे कायद्यात बसत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे त्याची शिकार गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आले. शहापूर-मुरबाडकडे रानडुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवतात, आणि त्या शेतकऱ्याची हळहळ शहरात बसून हलक्यात घेण्यासारखी नाही. पण पीक नासणारे जनावर मारायलाही रीतसर परवानगी लागते आणि मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. त्याचे वाटे घालता येत नाहीत. हाका, वाघूर (शिकारीचे जाळे), वाटा हे शिकारीचे शब्द भाषेत उरले, शिकार संपली. म्हणून यापुढचे सारे पाळीव डुकराच्या मांसाबद्दल आहे.

चार-पाच किलोचा फरा, म्हणजे खांद्यासकट पुढचा पाय, हाडासह आणि वरच्या चरबीसह घ्यावा. त्याला तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा पुरतो. दगड सह्याद्रीचा काळा पाषाण हवा. हवाईमध्ये ‘इमू’ नावाच्या खड्ड्यात असेच बेसाल्टचे दगड वापरतात, आणि तो दगड इथे पायाखाली आहे. दगड कोरडा मात्र हवा. ओढ्यातून उचललेला ओला दगड आत वाफ कोंडून आगीत फुटतो आणि कपच्या अंगावर उडतात. लाकूड बाभळीचे किंवा चिंचेचे, निखारा धरणारे घ्यावे. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड अजिबात नको. खाडीकाठच्या तिवरांना, म्हणजे खारफुटीला तर हातच लावायचा नाही. त्यांच्या तोडीला बंदी आहे.

आग दोन-तीन तास जळू द्यावी. दगड आधी काजळीने काळे होतात, मग ती काजळीच जळून जाते आणि ते राखेच्या रंगाचे दिसू लागतात. ही खूण दिसेपर्यंत घाई करायची नाही. फसलेले बहुतेक खड्डे इथेच फसतात. न जळलेली लाकडे बाहेर काढून दगड सारखे करायचे आणि त्यांवर केळीचा बुंधा चिरून, ठेचून पसरायचा. बुंध्यात पाणीच पाणी असते. वाफ त्यातून येते आणि मांस खालून करपत नाही. त्यावर केळीची पाने, पानांत बांधलेला फरा, पुन्हा पाने, भिजवलेले गोणपाट आणि शेवटी माती. माती लोटल्यावर खड्ड्याभोवती एक फेरी मारावी. जिथून वाफेची रेघ निघताना दिसेल, तिथे आणखी माती दाबायची. सहा ते आठ तास ही राखण महत्त्वाची.

जागेचा प्रश्न या भागात अवघड आहे. नवी मुंबईचा खाडीलगतचा बराच भाग भरावाचा आणि खारजमिनीचा. तिथे थोडे खणले की ओल लागते आणि ओला खड्डा दगडांची धग पिऊन टाकतो. घोडबंदरच्या डोंगरउताराला उलटे. हातभर मुरूम काढला की कातळ. तिथे अर्धा खड्डा आणि वर मातीचा ढीग असा मेळ घालावा. येऊरच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आग पेटवणे गुन्हा आहे.

पोपटी ज्याने केली आहे, त्याला हे सगळे ओळखीचे वाटेल. पनवेल-उरणपासून आगरी गावांत हिवाळ्यात वालाच्या शेंगा येतात, तेव्हा मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, जाडे मीठ आणि पाल्यात गुंडाळलेली कोंबडी भरतात, पाल्याने तोंड बंद करून मडके पालथे घालतात आणि वरून जाळ करतात. पाण्याचा थेंब घालत नाहीत. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज झाला की पोपटी झाली. कोंडलेली वाफ आणि पाल्याचा वास हेच तिचे मर्म, आणि खड्ड्याचेही तेच.

मसाल्याचे उत्तर उत्तनच्या आणि ठाण्याच्या ख्रिस्ती घरांत सापडते. ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. व्हिनेगर आणि लसणीत डुक्कर मुरवण्याची रीत त्या काळाची देणगी. १८८७ पासून ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या या समाजाचा बाटली मसाला उन्हाळ्यात भाजून, कुटून बाटल्यांत दाबून भरतात. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट कालवण) आणि फुग्या (तळलेले गोल पाव) हा त्यांच्या लग्नघरचा बेत. फऱ्याला खोल चिरा देऊन बाटली मसाला, लसूण, व्हिनेगर आणि मीठ रात्रभर चोळून ठेवावे. आंबटाला कोकमाचे आगळही चालते. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये डुकराच्या कालवणात आंबटपणासाठी घालतात ती कचमपुळी कोकमाच्याच कुळातल्या फळाची असते. मेक्सिकोच्या युकातानमध्ये हेच काम कडू संत्र्याचा रस आणि शेंद्रीच्या बिया करतात; तिथल्या माया भाषेत खड्ड्याच्या भट्टीला ‘पिब’ म्हणतात.

खड्डा उघडताना फावडे खोल घालू नये; माती कडेने ओढावी, गोणपाट चारही टोकांनी एकदम उचलावे. पहिली वाफ चेहऱ्यावर येऊ न देता बाजूला उभे राहावे. केळीची पाने तपकिरी होऊन मांसाला चिकटलेली असतात. हाड धरून ओढले की ते स्वच्छ निघून हातात येते. पानांच्या तळाशी साचलेला रस सांडू न देता सुट्या केलेल्या मांसात परत कालवायचा, मीठ चाखायचे आणि तांदळाच्या भाकरीवर गरम असतानाच वाढायचे.