कोवळ्या मेंदूतली तलफ

‘या वयात पोरं करतातच असले उद्योग, मोठी झाली की आपोआप सुटेल.’ मुलाच्या खिशात सिगरेट सापडली की हे आजही ऐकू येतं आणि जीव कळवळतो. अमेरिकेत रोज सिगरेट ओढणाऱ्या दर १० प्रौढांपैकी जवळपास ९ जणांनी पहिली सिगरेट १८ वर्षांचे होण्याआधीच ओढलेली असते.

झुरका घेतल्यावर १०-२० सेकंदांत तंबाखूतलं निकोटिन मेंदूत पोचतं. तिथल्या चेतापेशींवर अ‍ॅसिटिलकोलिन या आपल्याच शरीरातल्या रसायनासाठी ग्राही, म्हणजे ते पकडणाऱ्या जागा, असतात. पाच प्रथिनं गोलाकार उभी, मधे बारीकसं भोक. निकोटिन चिकटलं की भोक उघडतं, सोडियम-कॅल्शियमचे आयन आत शिरतात, पुढे डोपामिन हे सुखाची जाणीव देणारं रसायन सुटतं आणि बरं वाटतं. अ‍ॅसिटिलकोलिनचं काम झालं की एक विकर (एन्झाइम) लगेच त्याचे तुकडे करतं. निकोटिन मात्र त्याला तुटत नाही. ते रेंगाळतं, ग्राही बधिर होतात आणि मेंदू आणखी ग्राही उभे करतो. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं. बधिर ग्राही जागे होऊ लागतात, तेही वाढलेल्या संख्येनं आणि रिकामे. चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. हीच तलफ. सिगरेटनं डोकं शांत होतं असं मुलं सांगतात, पण ते तापवलेलं असतं आधीच्या सिगरेटनं. काही प्रयोगांत वयात येणाऱ्या उंदरांमध्ये ग्राहींची ही वाढ प्रौढ उंदरांपेक्षा जास्त दिसली. त्यात माणसाच्या मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो.

हे कळायला वेळ लागला. १९६४च्या अमेरिकी सरकारी अहवालानं सिगरेटला कर्करोगाचं कारण ठरवलं, पण तिला ‘सवय’च म्हटलं. १९७०च्या दशकात तिथल्या कित्येक हायस्कुलांत विद्यार्थ्यांना सिगरेट ओढायला वेगळी जागा असे. निकोटिन हे व्यसन आहे असं अधिकृतपणे ठासून सांगणारा अहवाल आला १९८८ साली. तरीही १९९४मध्ये सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी संसदीय समितीपुढे शपथेवर ते नाकारलं.

आता व्हेपला, म्हणजे ई-सिगरेटला, ‘नुसती वाफ’ म्हणतात. त्यात निकोटिनचा क्षार (सॉल्ट) वापरला की घसा खवखवत नाही, म्हणून कोवळं पोरही खोल झुरका घेऊ शकतं. ‘हर्बल’ सिगरेटही फसवीच. कुठलंही पान जाळलं की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येणारच.

सिगरेट सोडलेल्या प्रौढांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये ६ ते १२ आठवड्यांत ग्राहींची संख्या सिगरेट न ओढणाऱ्यांइतकी झालेली दिसली. तोवर सोडणारा मुलगा जेवताना ताट सरकवेल, दार आपटेल. तो उद्धटपणा नसतो, रिकाम्या ग्राहींची ओरड असते.