विक्रोळी: कारखान्याभोवती वसलेलं उपनगर

विक्रोळीत कुणी ‘गोदरेजमध्ये राहतो’ म्हणालं, की पुढचा प्रश्न ठरलेला: हिलसाइड, स्टेशनसाइड की क्रीकसाइड? कंपनीच्या या वसाहती. पश्चिमेला डोंगर, मधे रेल्वे, पूर्वेला ठाण्याची खाडी. एवढ्यावर नावं पडली आणि तीच टिकली.

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. पुढे तिजोऱ्या आल्या, कपाटं आली. (आपल्याकडे लोखंडी कपाट कुणीही बनवलेलं असो, घरात ते ‘गोदरेज’च.) गिरण्यांच्या दाटीत धंदा वाढवायला जागा कुठली? अर्देशीर यांचे धाकटे भाऊ पिरोजशा यांनी १९४३ मध्ये विक्रोळीची जमीन लिलावात घेतली. एकोणिसाव्या शतकात हा सगळा पट्टा पारशी व्यापारी फ्रामजी कावसजी बनाजींकडे होता. मुंबई शहराची हद्द तेव्हा शीवलाच संपायची. पलीकडे भातशेती, मिठागरं, खारफुटी. अशा ठिकाणी कारखाना काढायचा, तर कामगारांच्या राहण्याची सोयही आपणच करायला हवी, हे उघड होतं. म्हणून कारखान्यापाठोपाठ घरं आली, आणि १९५५ मध्ये उदयाचल शाळाही.

कारखान्याचं पहिलं मोठं काम मात्र कपाटांचं नव्हतं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी इथे बारा लाखांहून जास्त पोलादी मतपेट्या तयार झाल्या, तेही काही महिन्यांत. पेटीची किंमत पाच रुपयांच्या आसपास. बाहेरून कुलूप लावायचं तर खर्च या हिशेबात बसेना. मग कुलपाची यंत्रणा पेटीच्या आतच बसवली गेली. कुलपांवरच उभ्या राहिलेल्या कारखान्याला ते सुचलं, यात नवल नाही. पुढे १९५५ मध्ये टाइपरायटर आला, १९५८ मध्ये फ्रिज.

पण विक्रोळी म्हणजे नुसतं गोदरेज नव्हे. हाउसिंग बोर्डाच्या कन्नमवार नगर, टागोर नगर या वसाहती उभ्या राहिल्या, डोंगराच्या बाजूला पार्कसाइट दाटत गेलं. गणपतीत एसटीचं ग्रुप बुकिंग करून गावी जाणारे चाकरमानी भेटतात ते या भागात. कंपनीच्या वसाहतीत झाडं आणि मोकळे रस्ते, बाहेर पडलं की पाण्याच्या वेळा आणि दहा बाय बाराच्या खोल्या. एकाच स्टेशनवर उतरणाऱ्यांच्या या दोन विक्रोळ्या.

खाडीकाठची खारफुटी कंपनीने राखली, हे तिच्या खात्यावर मोठं पुण्य. बाकी शहराने तीच भराव घालून संपवली. जमिनीच्या मालकीवरून राज्य सरकारने १९७३ मध्ये दावा लावला. बुलेट ट्रेनसाठी इथली जागा घेण्याविरुद्धची कंपनीची याचिका उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळली. २०२४ मध्ये घराण्याच्या वाटण्या झाल्या, तेव्हा विक्रोळीची जमीन पिरोजशांचे नातू जमशेद गोदरेज यांच्या बाजूला राहिली. लालबागला जागा पुरेना म्हणून घेतलेली ही खारवट जमीन आज मुंबईतल्या सर्वांत मोठ्या खासगी मालमत्तांपैकी एक आहे.