पक्ष दाराबाहेर, की पक्षच नको?

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या जुन्या कारखान्याच्या गेटवरची युनियनची पाटी बघा. वर ठसठशीत अक्षरांत अध्यक्षांचं नाव, आणि हे अध्यक्ष बहुधा त्या कारखान्यात एक दिवसही कामाला नसतात. कामगारांनी युनियन बदलली की एका रात्रीत पाटी नव्याने रंगते. अशाच एका गेटसमोर चहा पिताना आमचे एक माजी कमिटी मेंबर सांगत होते, "आमची युनियन क्रांतिकारी होती." कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याने विचारलं, "म्हणजे अनार्को-सिंडिकॅलिस्ट का, काका?" काकांना ती शिवीच वाटली.

ती शिवी नव्हे, पण प्रश्न चुकलाच होता. फ्रेंचमध्ये 'सिंडिका' म्हणजे साधी कामगार संघटना; 'अनार्को' म्हणजे अराज्यवादी, राज्यसंस्थाच नको म्हणणारे. क्रांतिकारी सिंडिकॅलिझम आणि अनार्को-सिंडिकॅलिझम या दोघांची भाषा लांबून सारखीच ऐकू येते. निवडणुकीवर भिस्त नको, संप हेच हत्यार. आज पगारवाढीसाठी भांडणारी संघटनाच उद्या सार्वत्रिक संप करून कारखाने ताब्यात घेईल आणि चालवील. इथपर्यंत दोघांत वाद नाही.

वाद आहे तो पक्षाचा. फ्रान्सच्या सीजीटी या कामगार महासंघाने १९०६ मध्ये आमियाँच्या अधिवेशनात जी सनद मंजूर केली तिचं म्हणणं असं: सभासदाने बाहेर हव्या त्या पक्षाचं काम करावं, संघटनेत मात्र ती मतं आणू नयेत. देवळात शिरताना चपला बाहेर काढतो तसंच. मालकशाही आणि मजुरीची पद्धत संपवायची, हे त्यात आहे; राज्यसंस्था मोडायचीच, असं कलम नाही. हा झाला क्रांतिकारी सिंडिकॅलिझम. अनार्को-सिंडिकॅलिस्टांना एवढ्यावर समाधान नाही. त्यांच्या मते खुर्चीवर बसलेला कामगारांचा पक्षही नवा मालकच. म्हणून राज्यसंस्थाच नको, आणि हे ध्येय संघटनेने उघड लिहून ठेवायचं.

गंमत अशी की एकच संघटना एका वर्षात या बाजूची त्या बाजूला जाऊ शकते. १९१९ मध्ये बार्सिलोनात 'ला कॅनाडिएन्से' या वीज कंपनीतल्या काही कारकुनांना काढलं आणि संप पेटला. शहराचे दिवे गेले, ट्राम थांबल्या. सरकारची संपविरोधी पत्रकं छापायला छापखान्यातले कामगार तयार होईनात. ४४ दिवसांनी तडजोड झाली. ती मान्य करा, हे सीएनटी या स्पेनमधल्या कामगार महासंघाचे नेते साल्वादोर सेगी यांनी बैलझुंजीच्या मैदानात जमलेल्या हजारो संपकऱ्यांना पटवून दिलं. माझ्या मते संप पेटवण्यापेक्षा हे अवघड. एप्रिलमध्ये आठ तासांच्या दिवसाचा हुकूम निघाला. हा लढा लढणाऱ्या सीएनटीने 'स्वातंत्र्यवादी साम्यवाद', म्हणजे राज्यसंस्थेविना साम्यवाद, हे ध्येय माद्रिदच्या अधिवेशनात ठरावाने स्वीकारलं ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात. माणसं तीच, लढ्याची रीत तीच, लेबल मात्र ठरावानंतरचं.

लेबलावर फार विसंबूही नये. सीजीटी १९१४ मध्ये आपल्या सरकारच्या युद्धामागे उभी राहिली, आणि राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्या सीएनटीचे चौघे नोव्हेंबर १९३६ मध्ये मंत्री झाले.

मग काकांची युनियन कुठली? ती या दोन्हींतली नव्हेच. आपल्याकडे क्रांतिकारी म्हटलं की लाल बावटा डोळ्यांसमोर येतो. १९२८ च्या गिरणी कामगार युनियनचं नेतृत्व कम्युनिस्टांकडे होतं. लढा कडवा, पण पक्ष दाराबाहेर नव्हता, आतच बसलेला. कायद्यानेही बाहेरच्यांना जागा ठेवली होती. १९२६ च्या ट्रेड युनियन्स अ‍ॅक्टप्रमाणे निम्मे पदाधिकारी बाहेरचे चालत. २००१ च्या दुरुस्तीने ते प्रमाण एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जे कमी तेवढ्यावर आणलं.

पुतण्याने शेवटी एवढंच विचारलं, "तुमच्या करारावर सही कुणाची होती?" काकांनी गेटवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.