गादी बदलायला आणायच्या आधी हे वाचा (पाळी जायच्या वयातल्या ताईंसाठी)

आपल्या दुकानातून गादी नेलेल्या ताई परत येतात त्या बहुतेक एकच तक्रार घेऊन, "गादी गरम पडते, रात्री घामाने जाग येते, बदलून द्या." मी आधी वय विचारते. काहींना ते आवडत नाही पण विचारते, कारण बहुतेक जणी ४५ ते ५२ मधल्या असतात. पाळी जायच्या काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, जरासा उबारा वाढला की घाम सोडून अंग गार करायला बघतं. नाशिकच्या जानेवारीतल्या थंडीत मी स्वतः रात्री अडीचला पांघरूण फेकून खिडकी उघडलीय आणि पाच मिनिटांनी कुडकुडत तेच पांघरूण शोधलंय.

म्हणून आधी फरक ओळखा. गरम वाफ छातीतून मानेवर, चेहऱ्यावर चढते, धडधडतं, घाम येऊन मग थंडी वाजते, तर दोष गादीचा नाही. जिथे अंग टेकतं तिथेच तापतं, कूस बदलली की बरं वाटतं आणि शेजारच्यालाही तसंच होतं, तर गादीचा, मग सांगा, आम्ही घरी येऊन बघतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे गादी खराब होऊ नये म्हणून वर रेक्झिनचं कव्हर. इंदिरानगरच्या एका ताईंची गादी आम्ही उसवली, कापूस पिंजला, पुन्हा भरून टाके घातले, दोन दिवस गेले, आठ दिवसांत तीच तक्रार. घरी जाऊन चादर उचलली तर खाली रेक्झिन, हात लावला तर ओलं! घाम जाणार कुठे? आणि भरलेली गादी आम्ही परत घेत नाही, कारण कापूस तुमच्या मापाने वजन करून भरलेला असतो, तो दुसऱ्याला कसा देणार.

रेक्झिन काढा, सुती चादर घाला, गादीला आठवड्यातून एकदा गच्चीवर ऊन दाखवा. एका जाड दुलईऐवजी दोन पातळ पांघरुणं घ्या, एक काढता येतं. चहा दुपारनंतर नको. झोप कशीही झाली तरी उठायची वेळ एकच ठेवा, दुपारी भरपाई करू नका, आणि पडून तळमळत राहण्यापेक्षा उठून मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत आडव्या व्हा.

गादीने वाफा थांबत नाहीत, हे आम्ही विकणारेच सांगतोय. त्रास रोजचा असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हार्मोनची आणि बिनहार्मोनची दोन्ही औषधं आहेत, झोपेसाठी सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धतही चांगली लागू पडते. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त गेलं किंवा घोरणं वाढलं, तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका.

फोमची गादी टाकून द्यायची गरज नाही, तिच्यावर टाकायला दोन इंची कापसाची पातळ गादी आम्ही शिवून देतो. नवरा-बायकोला दोन वेगळ्या सिंगल केल्या तर एकीच्या उठण्याने दुसऱ्याची झोप मोडत नाही. येताना पलंगाचं माप आणा, आणि वर काय अंथरता तेही सांगा.