‘हवा’ किती? साठवणीच्या धान्यातील ओलाव्याची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात धान्य साठवण्याचा विचार पिढ्यान्‌पिढ्या रब्बी ज्वारीभोवती झाला. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते आणि खळ्यावर पडते तेव्हा हवेत दमटपणा जवळजवळ उरलेला नसतो. मळणी-उफणणी झाल्यावर चार दिवस उन्हात पसरलेला दाणा दाताखाली कट्‌कन फुटतो की नाही, एवढी परीक्षा पुरत असे. साहजिकच इथल्या जुन्या साठवणीत दाण्यातले पाणी काढण्याची चिंता फारशी नव्हती; बाहेरचे पाणी आत शिरू नये, ही होती. सोयाबीनच्या ओलाव्यावरून (बाजाराच्या भाषेत ‘हवे’वरून) किती कपात करायची, याचा शेतकरी आणि खरेदीदार यांच्यात अलीकडे जो वाद होतो, त्याचे मूळ या फरकात आहे.

पेव, म्हणजे धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा, हे या जुन्या विचाराचे सर्वांत पुरते रूप. काळ्या रानात पेव टिकत नाही, कारण ती माती पावसाळ्यात पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून ते गावठाणाच्या पांढरीत किंवा घट्ट मुरमात, अरुंद तोंडाचे आणि आत रुंद होत जाणारे असे खणत. तळाला व कडेला कडबा आणि भुसकट लावून ज्वारी भरत आणि तोंडावर दगड ठेवून माती लिंपून टाकत. आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू दाणा आणि किडे मिळून संपवत, कर्बवायू वाढे आणि सोंडे गुदमरून मरत. हाच कर्बवायू पेव उघडल्यावर माणसाच्याही जिवावर उठे. आत उतरण्याआधी दिवा सोडून पाहण्याची रीत त्यातूनच आली. भिंतीलगतचा थर काळवंडणार हे गृहीतच असे, भाकरीला किंचित वास येई आणि उगवण घटे, म्हणून बियाणे पेवात न ठेवता राख घालून मडक्यात ठेवत. घरातल्या रोजच्या धान्यासाठी शेणामातीने सारवलेली कणगी होती. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आज वापरणाऱ्या बहुतेकांनी पेव पाहिलेलेही नसते.

1860 मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आली आणि साठा धरून ठेवण्यापेक्षा तो विकण्याची सोय वाढली. 1876 ते 1878 च्या दुष्काळाने साठे रिकामे केले. पण पेवांची सवय त्यानंतरही टिकून राहिली. ती मोडली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1972 च्या दुष्काळात परदेशी लाल मिलो ज्वारी खाल्लेल्या पिढीच्या घरी पुन्हा पेव भरण्याइतकी ज्वारी लगेच साठली नाही, आणि त्याच सुमारास खरिपाची संकरित ज्वारी पसरू लागली होती. ही ज्वारी पावसात पिकते. कणसावरच बुरशी धरून काळी पडते आणि खळ्यावर येते ती अर्धवट ओली. दाण्याने स्वतःबरोबर आणलेल्या पाण्याशी सोलापूरकराची गाठ प्रथम इथे पडली.

पत्र्याच्या कोठीने ही अडचण वाढवली, असे माझे मत आहे. कणगी थोडीफार श्वास घेते, पत्रा घेत नाही. दिवसा कोठी तापते, दाण्यातून निघालेली वाफ वर चढते आणि रात्री थंड झालेल्या झाकणाखाली तिचे पाणी होते. वरच्या वीतभर थराचे ढेकूळ का झाले, हे कोठी गळत नसतानाही कोडे वाटावे असे नव्हते. कोठीचा प्रचार मात्र उंदीर आणि किडे यांच्यावरचा उपाय म्हणून होता, आणि त्या दृष्टीने कोठी उत्तमच होती. 1956 च्या वखार महामंडळांच्या कायद्यानंतर उभ्या राहिलेल्या सार्वजनिक गोदामांत पोत्यांखाली लाकडी फळ्या, भिंतीपासून अंतर आणि बाहेर कोरडे असेल तेव्हाच दारे उघडण्याचा नियम आला. पावसाळी दिवशी ‘हवा खेळती राहावी’ म्हणून दार उघडणे म्हणजे ओल आत घेणे, हे घरगुती साठवणीत आजही अनेकांना पटत नाही.

सोयाबीन आल्यावर मात्र सगळाच हिशेब बदलला. बार्शीच्या बाजूला ते झपाट्याने वाढले आणि त्याची काढणी ऐन परतीच्या पावसात येते. बाजारात सोयाबीनच्या तीन अटी असतात: हवा, माती (माती-कचरा) आणि डागी (डागाळलेले, खराब दाणे). यातली ‘हवा’ म्हणजे ओलावा. हा शब्द कानाला विचित्र वाटतो, कारण पेवाच्या काळात हवा आणि ओल या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि आजही हवेतली आर्द्रता आणि दाण्यातला ओलावा या वेगळ्याच आहेत. यंत्र दाखवते ते दुसरे. सोयाबीन घेणाऱ्या कारखान्यांची ठरलेली भाषा ‘दहा-दोन-दोन’ अशी आहे, म्हणजे हवा 10 टक्के, माती 2 आणि डागी 2.

गुंता शब्दापेक्षा टक्क्यात अधिक आहे. हा टक्का पाण्यासह धरलेल्या एकूण वजनावर काढतात. 14 हवेच्या क्विंटलभर मालात 86 किलो कोरडा अंश असतो. तो 10 हवेवर आणला तर वजन 95.56 किलो भरते. म्हणजे चार टक्के ‘हवेची’ खरी घट 4.44 किलो आहे. सरळ वजाबाकी करून चार किलो कापणारा खरेदीदार प्रत्यक्षात थोडे कमीच कापतो, हे शेतकऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य करायला हवे. पण उलट बाजू कोणी मोजत नाही. घरात ठेवून उन्हाळ्यात 8 हवेवर आलेला माल आणला, तर त्याच क्विंटलात 92 किलो कोरडा अंश असतो, 10 हवेच्या हिशेबाने 102.2 किलो. या सव्वादोन किलोंचे पैसे मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कपात आहे, वाढ नाही. तक्रारीचे खरे कारण यंत्राच्या अचूकतेपेक्षा हे आहे.

यंत्राचाही दोष असतो, तो वेगळा. बहुतेक मोजयंत्रे दाण्याचे विद्युत गुणधर्म मोजून त्यावरून पाण्याचा अंदाज करतात, म्हणून प्रत्येक धान्यासाठी वेगळी मांडणी आणि तापमानाची दुरुस्ती लागते. उन्हात तापलेला किंवा नुकताच दवाने भिजलेला माल लगेच मोजला तर आकडा चुकतो. भट्टीत सुकवून वजन करणे हीच खरी कसोटी, पण ट्रॅक्टर रांगेत उभा असताना तितका वेळ कोणाकडे नसतो.

सरकारच्या आधारभूत किमतीच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा 12 टक्के होती. नोव्हेंबर 2024 मध्ये, राज्यात निवडणुकीचे मतदान तोंडावर असताना, ती त्या हंगामापुरती 15 करण्यात आली. वाढीव ओलाव्याचा खर्च आणि तूट राज्यांनी सोसावी, अशी अट होती. 15 वरून 12 वर येताना क्विंटलमागे 3.41 किलो वजन जाते, म्हणजे तेव्हाच्या 4,892 रुपये दराने सुमारे 167 रुपये. चर्चा या रकमेचीच झाली. साठवणीचा प्रश्न मागे पडला, आणि तो जास्त गंभीर होता. सोयाबीनमध्ये पाचव्या हिश्श्याच्या आसपास तेल असते आणि तेल पाणी धरत नाही. सगळे पाणी उरलेल्या भागात असते. त्यामुळे ज्वारीला 13 टक्के जितके सुरक्षित, तितकेच सोयाबीनला साधारण 11. त्या पातळीला दाण्यांमधल्या हवेची आर्द्रता 65 टक्क्यांच्या आसपास राहते आणि बुरशीला वाव मिळत नाही. 15 टक्क्यांचा माल थप्पीत तसाच राहिला तर तो तापतो, त्यातल्या तेलाची आम्लता वाढते आणि उगवण मरते. मर्यादा सैल करणे त्या हंगामात अपरिहार्य असेलही, पण वाळवणीची सोय न करता ती सैल केल्याने ओलावा शेतकऱ्याच्या अंगणातून गोदामात गेला, इतकेच झाले.

आता अनेकपदरी हवाबंद पिशव्या मिळतात. त्यांचे तत्त्व पेवाचेच आहे: तोंड बांधायचे, प्राणवायू संपू द्यायचा, किडे मरू द्यायचे. पेवात ज्वारी जायची ती मार्चच्या उन्हात वाळून. पिशवीत ऑक्टोबरातले सोयाबीन भरले तर किडा मरतो, पण आतले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही; म्हणून आधी ताडपत्रीवर पातळ पसरून, दिवसातून तीन-चारदा हात फिरवून, ढग दिसताच झाकून माल 10-11 वर आणावा लागतो, आणि परतीचा पाऊस लांबला तर तेवढी उन्हे मिळत नाहीत.