रूपकाच्या सात मात्रा आणि एक आडवी पट्टी

गणपतीत पुतण्या मुंबईहून मालवणला आला की संध्याकाळच्या भजनात पेटीशेजारी बसतो. तो कीबोर्ड शिकतो, त्याला पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखनच वाचता येतं. यंदा एका अभंगाची चाल मी त्याला तशी लिहून दिली. ताल रूपक: ती ती ना, धी ना, धी ना. स्वर अचूक, पण त्याचा वजनाचा ठोका भलतीकडेच पडायला लागला. तबलजी थांबले. पुतण्या कागदावर बोट ठेवून म्हणाला, "काका, इथे दोन-दोन-तीन दिसतंय."

मात्रेला मी एक अष्टमांश स्वर धरला होता. तो एकटा असला की त्याच्या दांडीला शेपूट असतं. शेजारी शेजारी आले की शेपटांऐवजी एक जाड आडवी पट्टी दांड्या जोडते. तिला बीम म्हणतात. बीममुळे स्वराची लांबी तसूभरही बदलत नाही. ती फक्त डोळ्याला सांगते, घोळका इथून सुरू झाला. हिंदुस्थानी संगीत लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत एका मात्रेतल्या स्वरांखाली कंस काढतात, त्याचीच ही बहीण.

मी लिलीपाँड वापरतो. हान-वेन निन्हाउस आणि यान निवेनहाउझेन या दोन डच वादकांनी १९९६ साली सुरू केलेलं, स्वरलेखन छापायचं हे मोफत सॉफ्टवेअर. यात माउसने स्वर ठेवायचे नाहीत, मजकूर टाइप करायचा. स्वराच्या अक्षरापुढे ४ म्हणजे चतुर्थांश, ८ म्हणजे अष्टमांश, टिंब दिलं की लांबी दीडपट. आकडा गाळला तर मागचाच चालू राहतो, ही मला फार आवडलेली सोय. ६/८, म्हणजे एका आवर्तनात सहा अष्टमांश, असं सांगितलं की दादऱ्यासारखे तीन-तीनचे गट ते आपणहून बांधतं. पण सात मात्रा तीन-दोन-दोन की दोन-दोन-तीन, हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचं. एखादी पट्टी हाताने बांधायची तर पहिल्या स्वरानंतर उघडा चौकटी कंस, शेवटच्या स्वरानंतर बंद.

पट्टीचा तिरपेपणा मात्र ते स्वतः मोजतं. पट्टी आणि रेघ यांच्यामध्ये पांढरी बारीक पाचर राहिली तर ती छपाईत शाईने बुजते. म्हणून ते अनेक शक्य जागांना दोषांक देतं आणि सर्वांत कमी दोषांची जागा निवडतं. छपाईसाठी स्वरांच्या पाट्या खोदणारे जुने कारागीर हे नजरेने करत.

मी ७/८ च्या आधी ३,२,२ लिहिलं, पुन्हा छापलं. दुसऱ्या संध्याकाळी पुतण्या चौथ्या मात्रेच्या 'धी'वर तबल्याबरोबरच उतरला.